राजाचा तनखा

राजा प्रजेला पोसतो की प्रजा राजाला? ब्रिटनने या प्रश्नाचे उत्तर हिशेबात दडवले आहे, असे आम्हांस वाटते. १७६० साली तिसऱ्या जॉर्जने राजमुकुटाच्या जमिनींचे उत्पन्न संसदेच्या स्वाधीन केले व बदल्यात ठरावीक तनखा पत्करला. २०११ च्या कायद्याने त्या जागी अनुदान आले. ते मिळते सरकारी तिजोरीतून, पण मोजले जाते त्याच जमिनींच्या नफ्यावर: प्रथम १५ टक्के, बकिंगहॅम राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी पुढे २५, आणि २०२४ पासून १२. या जमिनी राजाला विकता येत नाहीत. तरी तो स्वतःच्याच मिळकतीवर जगतो, असा भास टिकतो. आपल्या संस्थानिकांचे तनखे संविधानातील वचनावर उभे होते. १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने ते संपले. वचन रद्द करता येते. हिशेबात मुरलेली आख्यायिका रद्द कशी करावी?