दगडाची शीर

झरी-जामणी तालुक्यातल्या शिबला-पार्डीजवळ काळ्या दगडाचे कोनदार खांब आहेत. 2022 साली भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते उजेडात आणले. कुणी पाथरवटाने घडवले असावेत असेच ते दिसतात, पण त्यांना कुणाची टाकी लागलेली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवताना आकसला, ताण पडला आणि तो आपोआप सहाकोनी तडकत खाली खाली चिरत गेला. फुटायची जागा दगडातच असते, हे माझ्या आजोबांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

ते वणीजवळच्या राजूरला चुनाभट्टीवर दगड फोडायचे. तिथला चुनखडक काळ्या दगडाहून कितीतरी जुना, समुद्रतळाशी थरावर थर बसून झालेला. "पोट्ट्या, पहिले शीर पाह्य, घण मंग," असं ते म्हणत. हातोडीने टिचकी मारायची: खणखणला तर अखंड, बद्द वाजला तर आत भेग. तरी शंका उरली तर वरून पाणी ओतायचं. दगड वाळतो, पण भेगेची रेघ उशिरापर्यंत ओली, काळसर राहते. पहार तिथेच लावायची. थराच्या बाजूने घातलेल्या दोन घावांत जे उकलतं, ते आडव्या वीस घावांनीही उकलत नाही.

भट्टीसाठी तुकडे साधारण मुठीएवढे लागत. मोठा गोटा पोटात कच्चा राहतो. चुरा जास्त झाला तर हवा कोंडते आणि आग मरते. दगड आणि कोळसा यांचे थर आलटून पालटून रचत. सुमारे 900 अंशांवर चुनखडकातला वायू निघून जातो. शंभर किलो शुद्ध दगडाची छप्पन किलो कळी, म्हणजे भाजलेला चुना, उरते. तिच्यावर पाणी पडलं की ती सणसणते, फुगते, फुटते आणि पीठ होते. घणाने सुरू झालेलं काम पाण्याने पुरं व्हायचं.

रस्त्याची गिट्टी आजी फोडायची. चिंधीच्या चुंबळीत दगड बसवायची, म्हणजे तो निसटत नाही आणि कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. मजुरी ब्रासावर. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो हातांनी हीच खडी फोडली, पण तिचा इतिहास सांगताना आपण दुष्काळ सांगतो, हुन्नर सांगत नाही. मला ते खटकतं. आता क्रशरचा जबडा शीर न पाहताच दगड चिरडतो. वेगाने, स्वस्तात, आणि बाईच्या मनगटांना त्रास न देता. तो बदल चांगलाच झाला. पण दगड वाजवून ओळखणारी म्हातारी माणसं वणी-झरीच्या गावांत अजून आहेत. शिबल्याच्या खांबांची मापं घेणाऱ्यांनी त्यांच्याही ओसरीवर बसून हे सगळं लिहून घ्यावं.