मुंबई विद्यापीठ : पदव्युत्तर शिक्षण व संशोधनाचे प्रशासन

पदवी परीक्षेनंतरचे अध्यापन, संशोधन व त्यांसाठी लागणारे प्रशासकीय आणि आर्थिक साहाय्य यांची मुंबई विद्यापीठातील व्यवस्था. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी फार जुनी आहे. मात्र ती पदवी ज्या अध्यापनाचे फलित मानली जाते, ते अध्यापन विद्यापीठाने स्वतःकडे पुष्कळ उशिरा घेतले. परीक्षा आधी आणि शिकविणे नंतर, हा उलटा क्रम मुंबईच्या पदव्युत्तर प्रशासनाच्या घडणीत आजही जाणवतो.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे जी तीन विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर आधारलेली होती. महाविद्यालयांना संलग्न करून घेणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्यांचे कार्य होते. साहजिकच कुलसचिवाचे कार्यालय हे प्रामुख्याने परीक्षांचे कार्यालय बनले. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे दोघांनी एम. ए. ही पदवीही मिळविली. परंतु त्यासाठी विद्यापीठाचा वर्ग, विद्यापीठाचा प्राध्यापक वा विद्यापीठाचे ग्रंथालय असे काही त्यांना उपलब्ध नव्हते. राजाबाई मनोरा व त्याखालील ग्रंथालयाची इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. ग्रंथालय वाचकांस खुले झाले ते १८८० साली.

त्या काळी उच्च अध्ययनाला जो आधार मिळाला, तो विद्यापीठाबाहेरून मिळाला. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीचा काही भाग इंग्रजी अमलात शिक्षणाकडे वळविण्यात आला व त्यातून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. फेलोने सरकारी महाविद्यालयात थोडे अध्यापन करावे व उरलेल्या वेळात स्वतःचे अध्ययन चालवावे, अशी ही योजना होती. भांडारकर व रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पश्चिम भारतातील संशोधन शिष्यवृत्तीचा आरंभ शोधावयाचा झाल्यास तो या योजनेत सापडतो. आणि शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात अध्यापन, ही आज सर्वत्र रूढ असलेली कल्पनाही तिच्यात आहे.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याचा व अध्यापन करण्याचा अधिकार दिला. कलकत्त्याने १९१७ मध्ये सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाच्या विभागांत एकवटले. मुंबईने मात्र ही वाट धरली नाही. येथील मोठी महाविद्यालये जुनी, स्वाभिमानी व आपापल्या परंपरा जपणारी होती, एम. ए. चे वर्ग आपल्या हातून जावेत हे त्यांना रुचण्यासारखे नव्हते. परिणामी मुंबईत एक तडजोड रूढ झाली. ती अशी, की बहुतेक विषयांत महाविद्यालयांतील मान्यताप्राप्त अध्यापकांनी शिकवावे, विद्यापीठाने नियम करावेत व परीक्षा घ्यावी, आणि मोजक्या विषयांपुरते स्वतःचे विभाग काढावेत. या तडजोडीने विद्यापीठाचा खर्च वाचला. पण विद्यार्थ्याची अंतिम जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनिर्णित राहिला.

जे मोजके विभाग निघाले, त्यांचे काम मात्र असामान्य होते. १९१९ मध्ये अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा विभाग सुरू झाला आणि समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक म्हणून स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांची नेमणूक झाली. १९२४ मध्ये त्यांच्या जागी गोविंद सदाशिव घुर्ये आले व १९५९ पर्यंत त्यांनी समाजशास्त्राची धुरा वाहिली. घुर्ये यांच्या हाताखाली केवळ प्रबंध लिहून एम. ए. होण्याची सोय होती. इरावती कर्वे यांनी चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध या सोयीने लिहिला. म्हैसूरहून आलेले एम. एन. श्रीनिवास यांचा म्हैसुरातील विवाह व कुटुंब यांवरील एम. ए. चा प्रबंध १९४२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कूर्ग लोकांवरील त्यांचे संशोधनही प्रथम मुंबईच्या पीएच्. डी. साठीच झाले. अ. र. देसाई हेही घुर्ये यांचेच विद्यार्थी. घुर्ये विषय सुचवीत, क्षेत्रात पाठवीत आणि मजकूर कठोरपणे तपासत. ही व्यवस्था कोणत्याही विनियमाने निर्माण केलेली नव्हती. ती एका व्यक्तीच्या ठायी होती. तिचे सामर्थ्य हेच व तिची मर्यादाही हीच होती, कारण मार्गदर्शकाशी न पटलेल्या विद्यार्थ्याला दुसरे दार नव्हते.

१९३३ साली स्थापन झालेला रासायनिक तंत्रविद्या विभाग हे याहून वेगळे उदाहरण होय. पहिले संचालक रॉबर्ट फॉर्स्टर व त्यांच्यानंतर १९३८ मध्ये आलेले के. वेंकटरामन यांनी तेथे प्रयोगशाळेभोवती संशोधन उभे केले. १९४३ मध्ये हा विभाग माटुंग्यास गेला. स्वतंत्र इमारत आणि उद्योगांशी संबंध यांमुळे त्याला परीक्षा कार्यालयाच्या तंत्राने चालावे लागले नाही. २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून तो मुंबई विद्यापीठापासून वेगळा झाला. आपल्या उत्तम विभागाची अशी वाढ विद्यापीठाने यापूर्वीही पाहिली होती. गोवा मुक्त झाल्यावर पणजी येथे मुंबई विद्यापीठाने पदव्युत्तर अध्यापन व संशोधन केंद्र चालविले आणि १९८५ मध्ये त्यातूनच गोवा विद्यापीठ उदयास आले.

१९४९ च्या सुमारास पुणे, कर्नाटक, गुजरात व बडोदे ही विद्यापीठे निघाल्याने मुंबई विद्यापीठाचे अफाट क्षेत्र आक्रसले. १९५३ च्या अधिनियमाने ते बृहन्मुंबईपुरते मर्यादित झाले व त्याला अध्यापन करणाऱ्या संघीय विद्यापीठाचे रूप देण्यात आले. नेमक्या याच काळात शहराची हद्द मात्र वाढत होती. १९५० मध्ये पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व मध्य रेल्वेच्या बाजूस भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत महापालिकेची सीमा गेली. उपनगरांत महाविद्यालयेही निघत होती. जोगेश्वरीचे इस्माइल युसूफ महाविद्यालय १९३० पासून होते. अंधेरीचे भवन्स १९४६ मध्ये, विद्याविहारचे सोमैया १९५९ मध्ये, तर घाटकोपरचे झुनझुनवाला १९६३ मध्ये सुरू झाले. यांतील पदवीधर एम. ए. साठी फोर्टकडे निघत. दिवसा नोकरी, सायंकाळी व्याख्यान आणि रात्री बोरिवली वा मुलुंडची लोकल, असा अनेकांचा दिनक्रम असे. पदव्युत्तर विद्यार्थी पूर्णवेळ विद्यार्थी असतो हे नियमांचे गृहीतक येथे पुष्कळदा कागदावरच राहिले.

सांताक्रूझच्या पूर्वेस कालिना येथे विद्यानगरी उभी राहू लागली, तेव्हा हे केंद्र प्रथमच उपनगराकडे सरकले. दोनशे एकरांहून मोठ्या या परिसरात १९७१ पासून विभाग येऊ लागले. पुढे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, मानव्यविद्यांसाठी रानडे भवन आणि महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाचे परीक्षा भवन तेथे झाले. १९७१ मध्येच पत्रद्वारा शिक्षणाची सोय करण्यात आली. वर्गात येऊ न शकणाऱ्या नोकरदारांना पदव्युत्तर पदवीचा मार्ग पुढे तिच्यामुळे मिळाला. असे असूनही कुलगुरू व कुलसचिव यांची कार्यालये फोर्टमध्येच राहिली. एकाच प्रकरणाचा कागद दोन परिसरांमध्ये हिंडण्याचे एक कारण या भौगोलिक विभागणीत आहे.

१९७४, १९९४ व २०१६ अशा तीन अधिनियमांनी प्राधिकरणांची रचना पालटली. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद व अभ्यास मंडळे ही चौकट स्थूलमानाने टिकली. १९९४ च्या अधिनियमातील महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ २०१६ च्या अधिनियमाने रद्द होऊन त्याची कामे अन्य प्राधिकरणांकडे गेली. १९९६ मध्ये विद्यापीठाचे नाव बदलून 'मुंबई विद्यापीठ' असे झाले. संशोधनाच्या बाबतीत अधिक दूरगामी बदल दिल्लीहून आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच्. डी. साठी प्रवेश परीक्षा व अभ्यासक्रम आवश्यक ठरविले. २०१६ च्या विनियमांनी प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व साहाय्यक प्राध्यापकास चार अशी पीएच्. डी. विद्यार्थ्यांची कमाल संख्या घालून दिली, आणि दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगतीचा आढावा सादर करण्याचे बंधन घातले. २०२२ मध्ये एम. फिल. ही पदवीच बंद करण्यात आली. मार्गदर्शकाच्या मर्जीवर सर्वस्वी अवलंबून राहण्याचा जुना दोष या नियमांनी काही अंशी दूर केला. तथापि मार्गदर्शकाची जागा रिक्त राहिल्यास संख्येची मर्यादा विद्यार्थ्याला आड येते. नियम पाळला जातो आणि प्रवेश मात्र मिळत नाही.

परीक्षा हाच ज्या संस्थेचा मूळ व्यवसाय, तिची परीक्षायंत्रणाच २०१७ मध्ये कोलमडली. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या वर्षी सर्व शाखांना एकदम लागू करण्यात आली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका तपासावयाच्या होत्या. कुलपतींनी ३१ जुलै ही अंतिम मुदत दिली, तीही टळली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. पदवीचा निकाल हाती नसल्याने इतर विद्यापीठांत व परदेशांत पदव्युत्तर प्रवेश मिळालेले अनेक विद्यार्थी अडचणीत आले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. नवी पद्धत मुळात वाईट होती असे म्हणता येत नाही. पूर्वतयारी व चाचणी यांवाचून ती सर्वत्र लादली गेली, हा दोष प्रशासनाचा होता. त्याची किंमत मात्र ज्यांचे वर्ष वाया जाण्याची वेळ आली त्यांनी मोजली.

यानंतरच्या काळात अध्यापनाचा भार पुन्हा महाविद्यालयांकडे सरकू लागला आहे. विलेपार्ले, घाटकोपर आदी उपनगरांतील काही महाविद्यालयांना स्वायत्तता मिळाली आहे. सोमैया संस्थेचे २०१९ मध्ये स्वतंत्र खाजगी विद्यापीठ झाले. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम ठरविते, परीक्षा घेते आणि निकालही लावते. पदवीच्या प्रमाणपत्रासाठी त्याच्या विद्यार्थ्याला अद्यापि मुंबई विद्यापीठाचीच मुद्रा लागते.