बिऱ्हाड हलले, तरी स्वमग्न मुलाचे उपचार खंडू नयेत

बदली वा व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईहून जळगाव किंवा धुळ्यास आलेल्या कुटुंबाचे बिऱ्हाड आठवडाभरात लागते. घरात स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम असलेले लहान मूल असेल, तर त्याची घडी बसण्यास मात्र बराच अवधी लागतो. ठरलेला दिनक्रम, परिचित थेरपिस्ट आणि सवयीची शाळा, सारेच एकदम सुटते. या वयात उपचारांतील खंड महागात पडतो. म्हणून तयारी निघण्यापूर्वीच करावी. जुन्या केंद्राकडून मूल्यमापन अहवाल आणि सध्याची उद्दिष्टे लेखी घ्यावीत.

कोठे जावे?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याअंतर्गत अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शाळेत एकदा मुलांची तपासणी होते. पुढील तपासणी व उपचारांसाठी मुलास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. पालकांनी जिल्हा रुग्णालयात या केंद्राची थेट चौकशी करावी. वाचा-उपचारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, हे आधीच विचारल्यास साक्री, शिरपूर किंवा चोपड्याहून येणाऱ्यांची खेप वाया जात नाही. खासगी विशेष शिक्षकाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. मूलपेशी उपचारांनी स्वमग्नता बरी करण्याच्या दाव्यांपासून दूर राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यास मान्यता नाही.

कायद्याचा आधार
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. वैश्विक ओळखपत्र देशभर ग्राह्य असते. त्यावरील पत्ता तेवढा बदलून घ्यावा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार, शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला, या कारणास्तव पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही. भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यांसह केंद्र सरकारी नोकरदारांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. दिव्यांग अपत्याचा सांभाळ करणाऱ्यांना, प्रशासकीय अडचणींच्या अधीन राहून, नियमित बदलीतून सूट देण्याचे निर्देश २०१४ मध्ये काढण्यात आले आहेत.

घरातील घडी
नव्या घराची छायाचित्रे मुलास आधीच दाखवावीत. त्याचे अंथरूण, ताट-वाटी व खेळणी सर्वांत आधी लावावीत. खान्देशातील उन्हाळ्यात दुपारी घर बंद असते आणि कूलरची घरघर अखंड चालते. आवाज न सोसणाऱ्या मुलासाठी एक शांत कोपरा राखावा. आजी-आजोबा अहिराणी बोलत असतील तर त्यांना थांबवू नये. दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्न मुलांचा भाषाविकास खुंटत नाही, असे संशोधन सांगते. स्थलांतरानंतर काही दिवस मूल चिडचिडे होणे स्वाभाविक आहे. परंतु बोलता येणारे शब्द ते विसरू लागले, तर नव्या जागेचा परिणाम म्हणून वाट पाहत बसू नये. बालरोगतज्ज्ञास त्वरित दाखवावे.

नव्या गावात पहिल्याच आठवड्यात तीन ठिकाणे गाठावीत : जिल्हा रुग्णालय, जवळची अंगणवाडी वा शाळा आणि आधीपासून तेथे राहणारे, असेच मूल वाढविणारे एखादे कुटुंब. कोणत्या शाळेत मुलास सांभाळून घेतले जाते, हे बहुधा त्या कुटुंबाकडूनच कळते.