सीताफळातील अँटिऑक्सिडंट द्रव्ये

सीताफळाच्या (ॲनोना स्क्वॅमोसा) गरात, सालीत व पानांत असलेली, ऑक्सिडीभवनाला आवर घालणारी द्रव्ये. अजिंठ्याच्या डोंगररांगांत हे झाड खडकाळ, हलक्या जमिनीतही तग धरते आणि नवरात्र ते दिवाळी या काळात फळांच्या पाट्या बाजारात येतात. प्राचीन लेण्यांत सीताफळ दिसते, असा दावा पूर्वी केला गेला आणि त्यात अजिंठ्याचेही नाव घेतले जाते. हे झाड मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले, पोर्तुगीजांच्या मार्फत इकडे आलेले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. ते खरे असेल, तर लेण्यांतले फळ दुसरे कोणते तरी असावे. मराठवाड्यातील बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

१०० ग्रॅम गरात सुमारे ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. त्याच्या जोडीला कॅटेचिन, एपिकॅटेचिन यांसारखी फिनॉल-संयुगे असतात. पानांत रुटिनही सापडते. आपण टाकून देतो त्या सालीत फिनॉले गरापेक्षा जास्त असतात.

या द्रव्यांचे काम स्वयंपाकघरातही दिसते. गर उघडा राहिला की काळवंडतो, कारण पेशी फुटल्यावर पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर याच फिनॉलांचे ऑक्सिडीभवन घडवते. म्हणजे राखणदारच आधी खर्ची पडतात. उष्णतेने विकर मोडते खरे, पण तापवलेला गर कडवट होतो. म्हणून बासुंदी थंड झाल्यावरच त्यात गर घालतात आणि आइस्क्रीमवाले तो गोठवून ठेवतात.

प्रयोगशाळेत साल किंवा पाने वाळवून मिथेनॉल वा एथेनॉलमध्ये अर्क काढतात आणि तो डीपीपीएच या स्थिर मुक्त मूलकाच्या जांभळ्या द्रावणात मिसळतात. अर्काने हायड्रोजन दिला की जांभळा रंग उतरून पिवळट होतो. ही घट ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात. हा आकडा परीक्षानळीतला. पोटात गेलेली फिनॉले बदलतात आणि त्यांतली थोडीच रक्तात पोचतात. अशाच, परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणाऱ्या ‘ओरॅक’ आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होऊ लागल्याने अमेरिकी कृषी खात्याने आपली ओरॅक सूची २०१२ मध्ये मागे घेतली. पेयांच्या बाटलीवरचा ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ हा शिक्का त्याच जातीचा.

बियांचे प्रकरण वेगळे. त्यांतील ॲसिटोजेनिने पेशीतील ऊर्जानिर्मिती रोखतात, म्हणून ती कीटकांना मारक ठरतात. उवांवर बियांची पूड लावण्याची जुनी रीत आहे. ही पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते.