खारेपाटणचा ताम्रपट आणि न दिसणारे पाणी

तळेरे हे गाव समुद्रकाठी नाही. मुंबई-गोवा महामार्गावरून विजयदुर्गाकडे फाटा फुटतो तो इथे, आणि गगनबावड्याहून करूळ घाटाने उतरणारी कोल्हापूरची वाट येऊन मिळते तीही इथेच. त्यामुळे कोकणच्या सागरी इतिहासात या गावाचे नाव सहसा येत नाही. तरीही त्या इतिहासाचा एक फार जुना आणि महत्त्वाचा कागद (कागद कसला, तांब्याचे पत्रेच ते) याच परिसरातला आहे. तळेऱ्याच्या उत्तरेला थोड्या अंतरावर, विजयदुर्गाच्या खाडीत खूप आत वसलेल्या खारेपाटणला तो सापडला.

दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याचा हा ताम्रपट शके ९३० च्या ज्येष्ठ पौर्णिमेचा, म्हणजे इ. स. १००८ चा आहे. अव्वेश्वराच्या देवालयासाठी मत्तमयूर परंपरेतील आत्रेय या आचार्याला गावे दिल्याची त्यात नोंद आहे. त्याखेरीज परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने, आणि कंदलमूलीय येथून येणाऱ्या जहाजामागे एक धरण सोने, असेही दान आहे. चेमूल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातील चांदोर, या दोन ठिकाणची जहाजे मात्र यातून वगळली आहेत. हजार वर्षांपूर्वी देवाचा दिवा जळत होता तो काही अंशी जहाजांच्या येण्याजाण्यावर! दानाची तिथीही पाहण्यासारखी आहे. ज्येष्ठी पौर्णिमा म्हणजे पावसाळा तोंडावर आलेला, गलबते ओढून घेण्याचा सुमार. हंगामाचा हिशेब तेव्हाच मिटत असणार, असे वाटून जाते. पण ताम्रपट तसे म्हणत नाही, तेव्हा आपणही म्हणू नये.

या लेखाचे पहिले वाचन प्रसिद्ध केले बाळशास्त्री जांभेकरांनी, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचे पोंभुर्ले तळेऱ्यापासून जवळच. ज्या खाडीच्या परिसरात जन्म झाला, तिथलाच लेख त्यांनी विद्वानांसमोर ठेवला. पुढे कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांच्याकडे होते. ताम्रपट वाचणारा माणूस वेधशाळेतही बसतो, ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गोष्ट आहे. आपल्याकडे त्यानंतर या दोन खोल्यांमध्ये भिंत उभी राहिली, आणि कोकणच्या इतिहासलेखनाला तिची मोठी किंमत द्यावी लागली.

ती कशी, हे एका उदाहरणावरून पाहू. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरवर गेले. पंच्याऐंशी लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे होती, असे इंग्रजांच्या कारवारच्या पत्रव्यवहारातून कळते. परतीच्या वाटेवर वायव्येच्या वाऱ्याने त्यांना अडकवून ठेवल्याचे ग्रँट डफने लिहिले आहे. वारा कागदावर आला. पाणी कोणत्या दिशेने वाहत होते, याविषयी मात्र एक अक्षर नाही.

असे अक्षर नसण्याला कारण आहे. वारा शिडाला कळतो, भरती-ओहोटी काठावर दिसते. समुद्राच्या आतला प्रवाह जहाजालाही जाणवत नाही, कारण जहाज त्याच्याबरोबरच सरकत असते. उघड्या समुद्रात खलाशी वेग आणि दिशा यांवरून आपले ठिकाण ठरवी. मग तारे पाहून खरे ठिकाण काढले की दोन्हींत फरक पडे, आणि तो फरक म्हणजे प्रवाह. युरोपीय जहाजांच्या रोजनिशांतून असे हजारो फरक गोळा करून हिंदी महासागराच्या प्रवाहांचे नकाशे तयार झाले. म्हणजे हे सारे ज्ञान चुकलेल्या हिशेबांतून जन्मले आहे. किनारा नजरेत ठेवून, डोंगर आणि देवळे ओळखत जाणाऱ्या आपल्या तांडेलाला असा हिशेब मांडण्याची गरजच नव्हती. त्याला पाण्याची ओढ ठाऊक असेल. तिची नोंद त्याने केली नाही.

आज त्या ओढीचे स्वरूप बरेच उलगडले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ ची. तेथील सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली आणि नंतरच्या काळात हिवाळ्यातील प्रवाहही मांडला. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दक्षिणेला वाहते. नोव्हेंबरनंतर ते उलटते आणि उत्तरेला जाते, तेही समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध! बंगालच्या उपसागराचे कमी खारट पाणी तेव्हा या बाजूला येते. वाऱ्याविरुद्ध पाणी का जावे, याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. बंगालच्या उपसागरावर आणि पूर्व किनाऱ्यावर वाहणारे वारे समुद्रात लांबलचक लाटा उठवतात. त्या डोळ्यांना न दिसता श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने वर चढतात. मालवणसमोरच्या पाण्याची दिशा अशी काही अंशी बंगालमध्ये ठरते.

मग फेब्रुवारीत बसरूरहून परतणाऱ्या आरमाराला हा प्रवाह साहाय्यकारी झाला का? दिशा तर अनुकूल होती. हा मोह मी टाळतो. प्रवाहाचा जोर किनाऱ्यापासून दूर, उथळ मंच संपून समुद्र एकदम खोल होतो त्या कडेला असतो. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटरवर, आंग्र्यांचे नाव वागवणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे, तिथे. शिवाय फेब्रुवारीत त्याचा भर ओसरू लागलेला असतो. काठाने जाणाऱ्या गलबताला खारे वारे, मतलई वारे आणि भरती-ओहोटी यांचाच आधार. इतिहासात न सापडलेल्या प्रवाहाला इतिहासाचा नायक करण्याची अलीकडची हौस म्हणूनच मला पटत नाही.

प्रवाहाची खरी सत्ता आहे ती मासळीवर. पावसाळ्यात वरचे पाणी दक्षिणेकडे आणि किनाऱ्यापासून दूर सरकते तेव्हा खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. केरळपासून सुरू होणारी ही क्रिया उत्तरेला येता येता मंदावते. बांगड्याची मुख्य मासेमारी परंपरेने कोल्लम ते रत्नागिरी या पट्ट्यात का, त्याचे एक कारण येथे सापडते. पण या वर येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो, आणि पाणी घुसळले जात नाही. पावसाळ्याच्या अखेरीस, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तळाजवळचे पाणी जवळपास प्राणवायूहीन होते. सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये हे मांडले. ही स्थिती तीव्र होत चालली असून शेतातून वाहून येणारी खते तिला हातभार लावत असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. मालवणच्या दक्षिणेला, गोव्यातील कांदोळीसमोर, १९९७ पासून याच्या नोंदी होत आल्या आहेत.

मालवणच्या किनाऱ्यावर रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष जुना आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी तो मिटला नाही. बांगडा गेला तो जाळ्यांनी नेला, असे एक बाजू म्हणते; समुद्रच बदलला, असे दुसरी. माझ्या मते जाळ्यांचा दोष प्रवाहावर ढकलता येत नाही. मात्र कोणत्या वर्षी मासळी पाण्यामुळे हटली आणि कोणत्या वर्षी उपशामुळे संपली, हे वेगळे काढायचे तर दोन्हींच्या जुन्या नोंदी हव्यात. रापणीवर किती माणसे ओढायला होती, वाटणी कशी झाली, कोणत्या पंधरवड्यात तारली काठाला आली, हे सांगणारी पिढी अजून आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी मालवणी बोलीचे शब्द टिपताना एवढे तरी करावे, की शब्दाबरोबर महिना आणि साल विचारावे. रट्टराजाच्या लेखकाने तिथी लिहून ठेवली होती.