परीक्षा घेणारे विद्यापीठ : मुंबई विद्यापीठाची जडणघडण

ईस्ट इंडिया कंपनीच्या नियंत्रक मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांनी 1854 मध्ये हिंदुस्थानात पाठवलेल्या शैक्षणिक खलित्यात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापावीत असे सुचवले होते, आणि त्यानुसार झालेल्या कायद्याने 18 जुलै 1857 रोजी, उत्तरेत उठाव धुमसत असताना, मुंबई विद्यापीठ अस्तित्वात आले. लंडनचे विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवत नसे. ते अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई आणि पदव्या देई. मुंबईनेही तेच स्वीकारले. अध्यापनाचा भार एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल आणि पुण्याचे डेक्कन यांसारख्या महाविद्यालयांवर राहिला, आणि या महाविद्यालयांना विद्यापीठाशी जोडणाऱ्या नात्याला संलग्नता हे नाव मिळाले. या विद्यापीठाचा पुढचा सारा इतिहास या एका निवडीच्या प्रकाशात वाचावा लागतो.

आरंभीची रचना साधी होती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पदसिद्ध कुलपती असत आणि कुलगुरूंची नेमणूक सरकार करी. फेलो म्हणून नेमलेल्या सदस्यांची सभा म्हणजे सिनेट, आणि तिने निवडलेली, दैनंदिन कारभार पाहणारी छोटी समिती म्हणजे सिंडिकेट. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे 1862 चे पहिले बी.ए. होत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग 1892 मध्ये पहिले हिंदी कुलगुरू झाले आणि त्यांच्यानंतर ते पद भांडारकरांकडे आले. म्हणजे पहिल्याच तुकडीतील एक पदवीधर तीन दशकांनंतर संस्थेच्या शिरोभागी बसला.

फोर्टमधील वास्तू लोकांच्या दानातून उभ्या राहिल्या. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह झाले, तर कापसाच्या व्यापारात अमाप पैसा मिळवलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय आणि त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई मनोरा झाला. 1878 मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा होता.

वैभव वाढत असताना मराठीला मात्र दार बंद झाले. देशी भाषांत उच्च शिक्षणास पुरेसे वाङ्मय नाही, या समजुतीने 1860 च्या दशकातच त्यांना वरच्या परीक्षांतून वगळून त्यांची जागा संस्कृतादी अभिजात भाषांना देण्यात आली. रानड्यांनी सिनेटमध्ये याविरुद्ध चिकाटीने लढा दिला, आणि मराठीला एम.ए.च्या अभ्यासक्रमात स्थान मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. मराठी मुलखातील विद्यापीठाला हा विलंब शोभणारा नव्हता.

व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या 1904 च्या विद्यापीठ कायद्याने सिनेट आटोपशीर केले, पण बहुसंख्य सदस्य सरकारनियुक्त ठेवून विद्यापीठावरील सरकारी पकड घट्ट केली, म्हणूनच गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्याच कायद्याने विद्यापीठाला स्वतः शिकवण्याची मुभाही दिली. तिचे फळ 1919 च्या सुमारास अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागाच्या रूपाने दिसले, जिथे समाजशास्त्राची धुरा पॅट्रिक गेडिस यांच्याकडे होती; 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघाला, जो आता स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे.

मूळ कार्यक्षेत्र सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेले होते. 1949 मध्ये पुणे, गुजरात व कर्नाटक विद्यापीठे निघाल्यावर ते फार आकसले. गोवा मुक्त झाल्यावर तेथील महाविद्यालये मुंबईशी जोडली गेली आणि 1985 मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत तशीच राहिली. आज मुंबई, ठाणे, पालघर आणि कोकणातील रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार अधिसभा (म्हणजे सिनेट) हे व्यापक प्रतिनिधित्वाचे मंडळ आहे, व्यवस्थापन परिषद आर्थिक व प्रशासकीय निर्णय घेते, विद्या परिषद शैक्षणिक धोरण ठरवते आणि विषयवार अभ्यासक्रम अभ्यास मंडळे आखतात. मंडळे वाढली, तरी बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे परीक्षा आणि गुणपत्रिकाच राहिले. 2017 मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणल्यामुळे निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्याच वर्षी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.