वर पाठवलेला मुख्यमंत्री

आमच्या सेवेत बदलीचा एक प्रकार असतो. हुद्दा वाढतो, खोली मोठी मिळते, गाडीही बदलते. मात्र टेबलावर येणाऱ्या नस्तींची संख्या हळूहळू कमी होत जाते. निरोप समारंभात सहकारी तोंड भरून अभिनंदन करतात आणि ज्याचे अभिनंदन होत असते तो कसनुसे हसतो. अशा दोन-तीन समारंभांना मी श्रोत्यांत बसलो आहे, आणि एकदा, खोटे कशाला सांगू, सत्काराच्या खुर्चीतही बसलो आहे. त्यामुळे मलेशियातील साबाह राज्याचे पहिले मुख्यमंत्री डोनाल्ड स्टीफन्स यांचे चरित्र वाचताना डिसेंबर 1964 या महिन्याशी मी बराच वेळ थांबलो. त्या महिन्याच्या अखेरीस ते मुख्यमंत्रिपदावरून उतरले आणि नव्या वर्षात क्वालालंपूरला केंद्रीय मंत्री झाले. नामावळीत ती बढती दिसते.

आपल्याला मुख्यमंत्री केंद्रात जाण्याचे अप्रूप नाही. 1962 मध्ये चीनने दिलेल्या तडाख्यानंतर यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण आजही म्हणतो. पण चव्हाणांच्या हाती गेले ते संरक्षण खाते. स्टीफन्स यांना मिळाले साबाहविषयक व्यवहारांचे आणि नागरी संरक्षणाचे खाते. ज्या राज्याचा कारभार कालपर्यंत त्यांच्या हातात होता, त्याच राज्याच्या 'व्यवहारां'साठी त्यांना हजार मैलांवर एक दालन देण्यात आले. अशा खात्याचा अर्थ कोणत्याही उपसचिवाला समजावून सांगावा लागत नाही.

स्टीफन्स यांचा जन्म 1920 मध्ये ब्रिटिशांच्या उत्तर बोर्निओतील कुदात या गावी झाला. घरात ऑस्ट्रेलियन आणि कादाझान अशा दोन्ही रक्तांचा वारसा होता. वडील जपानी आमदनीत मारले गेले. युद्धानंतर मुलाने वृत्तपत्राच्या धंद्यात पाय रोवले. 'साबाह टाइम्स' या त्यांच्या पत्रातील कादाझान भाषेच्या पानांनी त्या समाजाला छापील अक्षरांत स्वतःचा चेहरा दाखवला. कादाझान लोकांनी पुढे त्यांना 'हुगुआन सिओऊ' म्हणजे सर्वोच्च नायक मानले.

27 मे 1961 रोजी मलायाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी सिंगापूरमधील एका भाषणात मलाया, सिंगापूर आणि बोर्निओतील प्रदेश यांच्या एकत्रीकरणाची कल्पना मांडली. स्टीफन्स यांचा पहिला प्रतिसाद विरोधाचा होता. आधी आम्हाला आमचे राज्य चालवू द्या, मग जोडीचे पाहू, ही त्यांची भूमिका होती. पण त्याच वर्षी सिंगापूरच्या राष्ट्रकुल संसदीय बैठकीत त्यांचे मत फिरले, आणि मलेशियाच्या कल्पनेवर विचारविनिमय करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्षच झाले. टीकाकारांनी याला कोलांटउडी म्हटले. मला तसे वाटत नाही. फिलिपाइन्सचा दावा आणि इंडोनेशियाची वाढती आक्रमकता समोर दिसत असताना चार-पाच लाख वस्तीच्या प्रदेशाने एकट्याने उभे राहणे कठीण होते. जायचेच असेल तर अटी लिहून घेऊन जावे, हा व्यवहारी माणसाचा निर्णय होता.

त्या अटी ऑगस्ट 1962 मध्ये वीस कलमांच्या रूपाने कागदावर आल्या. त्यात स्थलांतरावर राज्याचे नियंत्रण, इंग्रजीचा वापर, शासकीय सेवेत स्थानिकांना लवकरात लवकर स्थान आणि वित्तव्यवहारावर स्वतःचा ताबा अशी कलमे होती. सगळी पुढे टिकली नाहीत. स्थलांतराचे मात्र टिकले. आजही मलाया द्वीपकल्पातील मलेशियन नागरिकावर साबाहमध्ये प्रवेश करताना राज्याचे स्वतःचे नियंत्रण असते. ईशान्येत 'इनर लाइन'चा परवाना काढलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. जाता जाता सांगतो, मलायाची मूळ राज्यघटना आखणाऱ्या 1956-57 च्या रीड आयोगावर अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक हेही सदस्य होते. आपल्याला ओळखीच्या वाटणाऱ्या काही तरतुदी तेथे दिसतात, त्या अगदीच योगायोगाने नव्हेत.

16 सप्टेंबर 1963 रोजी मलेशिया अस्तित्वात आला. स्टीफन्स मुख्यमंत्री झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी मुस्तफा दातू हारून राज्यप्रमुख झाले. दोघांचेही स्वतंत्र पक्ष, स्वतंत्र समाज आणि स्वतंत्र महत्त्वाकांक्षा. अशी जोडी एका वास्तूत फार काळ सुखाने नांदत नाही. ठिणगी पडली ती राज्य सचिवाच्या नेमणुकीवरून. स्टीफन्स यांनी या पदासाठी जॉन दुसिंग यांची निवड केली. आपल्याला विचारले नाही, या कारणाने राज्यप्रमुखांनी मान्यता रोखली. मुख्यमंत्र्याचा सल्ला राज्यप्रमुखावर बंधनकारक आहे की नाही, हा घटनेचा प्रश्न होता. उत्तर मात्र राजकारणाने दिले. स्टीफन्स क्वालालंपूरला गेले, आणि केंद्रात बिनखात्याचे मंत्री असलेले सांदाकानचे वकील पीटर लो 1 जानेवारी 1965 पासून मुख्यमंत्री झाले. एक वर गेला, एक खाली आला. तराजू समतोल राहिला; ज्याच्या हाती दांडी होती तो केंद्रात बसला होता.

सचिवाच्या एका नेमणुकीवर मुख्यमंत्री जावा, याचे राजकीय इतिहासकारांना आश्चर्य वाटते. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला वाटत नाही. नव्या राज्यात धोरण विधिमंडळात ठरण्याआधी सचिवाच्या टेबलावर आकार घेते.

नव्या पदावर स्टीफन्स यांची खरी परीक्षा आठ महिन्यांत झाली. 9 ऑगस्ट 1965 रोजी सिंगापूर संघराज्यातून वेगळे झाले. साबाह आणि सारवाक यांना कोणी विचारले नव्हते. येथे थोडे गणित मांडतो; अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती खोड असते. 1963 मध्ये केंद्रीय संसदेच्या 159 जागांपैकी मलायाला 104, सारवाकला 24, साबाहला 16 आणि सिंगापूरला 15 जागा होत्या. मलायाबाहेरच्या जागांची बेरीज 55, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्त. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मते लागत असल्याने ही मंडळी एकत्र राहिली तर नकोशी दुरुस्ती अडवू शकत होती. सिंगापूर गेल्यावर 144 पैकी 40 जागा उरल्या, म्हणजे अठ्ठावीस टक्क्यांपेक्षाही कमी. कराराचे एकही कलम न बदलता कराराची पकड सैल झाली. 2022 च्या निवडणुकीत लाबुआन धरूनही हा आकडा 222 पैकी 57 होता.

स्टीफन्स यांची मागणी साधी होती: भागीदारांपैकी एक गेला आहे, तर उरलेल्यांनी अटी पुन्हा तपासून पाहाव्यात. तुंकूंना हे रुचले नाही. स्टीफन्स यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आठ महिन्यांचे ते मंत्रिपद तेथेच संपले.

माझ्या मते त्यांची चूक राजीनाम्यात नव्हती, डिसेंबरमधल्या होकारात होती. मुख्यमंत्री म्हणून हीच मागणी त्यांनी केली असती तर तिच्या मागे राज्याचे मंत्रिमंडळ आणि विधिमंडळ उभे असते. केंद्रीय मंत्री म्हणून केली तेव्हा ती सामूहिक जबाबदारीचा भंग ठरली. अर्थात नकार देऊन ते साबाहमध्ये किती दिवस टिकले असते, हाही प्रश्न आहेच. आघाडी पाठीशी नसताना मुख्यमंत्र्याची खुर्ची किती डळमळते, ते आपण आपल्याकडे पुष्कळ पाहिले आहे.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. 1967 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला 32 पैकी 12 जागा मिळाल्या. मुस्तफा मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी या पक्षाला सरकारबाहेर ठेवले. वर्ष संपायच्या आत स्टीफन्स यांनी पक्षच विसर्जित केला. नंतर ऑस्ट्रेलियात उच्चायुक्त म्हणून पाठवणी झाली, म्हणजे पुन्हा एक मानाची बदली. 1971 मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि ते मुहम्मद फुआद स्टीफन्स झाले. 1973 मध्ये ते साबाहचे राज्यप्रमुख झाले. आता राज्यप्रमुखाच्या खुर्चीत स्टीफन्स होते आणि त्यांना सल्ला देणारे मुख्यमंत्री होते मुस्तफा.

1975 मध्ये ते पद सोडून ते नव्या बर्जाया पक्षात आले. एप्रिल 1976 मध्ये या पक्षाने 48 पैकी 28 जागा जिंकल्या आणि स्टीफन्स पुन्हा मुख्यमंत्री झाले. दोन महिनेही झाले नव्हते. 6 जून 1976 रोजी लाबुआनहून येणारे त्यांचे नोमॅड विमान कोटा किनाबालूजवळ कोसळले. विमानातील अकराही जण गेले; त्यांत मुख्यमंत्री, त्यांचा मुलगा आणि राज्याचे तीन मंत्री होते. त्यांच्याबरोबर वित्त विभागाचे स्थायी सचिव आणि राज्याच्या आर्थिक नियोजनाचे संचालकही होते. इतिहासाच्या पुस्तकांत या दोघांना अर्धी ओळ मिळते. आठ दिवसांनी, 14 जूनला, नवे मुख्यमंत्री हॅरिस सालेह यांनी पेट्रोनाससोबतच्या तेल-करारावर सही केली. राज्याचा वाटा पाच टक्के. तारखा इतक्या जवळ असल्याने घातपाताचा संशय साबाहमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेला. 2023 मध्ये जुना चौकशी अहवाल खुला झाला, त्यात घातपाताचा पुरावा नव्हता. विमानाच्या मागच्या भागात प्रमाणाबाहेर लादलेले सामान आणि वैमानिकाची कामगिरी यांवर बोट ठेवलेले होते. सत्तेचाळीस वर्षे तो कुलपात का ठेवला, हे मात्र मला कळत नाही. गुप्ततेचा शिक्का मारायला एक क्षण लागतो, काढायला कोणी वाली लागतो.

तेलाच्या पाच टक्क्यांची चर्चा फार होते. मला त्याहून बोलका वाटतो तो घटनेतील अनुदानाचा प्रश्न. 1963 च्या तरतुदीनुसार केंद्राला साबाहमधून मिळणाऱ्या निव्वळ महसुलातील 1963 नंतरच्या वाढीपैकी चाळीस टक्के रक्कम राज्याला परत मिळायची होती, आणि तिचा ठरावीक काळाने उभयपक्षी फेरविचार व्हायचा होता. एकदा तो झाला. 1969 ते 1973 साठी रकमा ठरल्या, त्यांतली शेवटची 2 कोटी 67 लाख रिंगिट. पुढचा फेरविचार झालाच नाही. दरवर्षी तीच रक्कम जात राहिली, थेट 2021 पर्यंत. यात कोणी मोठा कट रचला असेल असे मला वाटत नाही. मागच्या वर्षीचा आकडा उचलून यंदाच्या रकान्यात लिहिणारा लिपिक आणि त्यावर आद्याक्षरी करणारा अधिकारी, एवढी यंत्रणा पुरेशी असते.

17 ऑक्टोबर 2025 रोजी कोटा किनाबालूच्या उच्च न्यायालयाने साबाहच्या वकील संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना 1974 पासून 2021 पर्यंत फेरविचार न करणे घटनाबाह्य ठरवले. त्या गमावलेल्या वर्षांपैकी पहिले वर्ष उजाडले तेव्हा वीस कलमांच्या त्या वाटाघाटींतले स्टीफन्स राज्यप्रमुखाच्या प्रासादात होते, आणि मुख्यमंत्री मुस्तफा यांच्याकडून येणाऱ्या कागदांवर सह्या करत होते.